पांढरा शर्ट, काळी नामपट्टी: एका मॉर्मन मिशनरी मुलाचा आठवडा

शुभदा_सॉल्टलेक (धागाकर्ती)

मॉर्मन हा अमेरिकेत जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ. त्यांचे मिशनरी, म्हणजे धर्मप्रचारक, म्हटलं की आठवतात ती दारात उभी असलेली दोन पोरं. पांढरा शर्ट, टाय, खिशावर काळी नामपट्टी. आपण 'नको' म्हणतो आणि दार लावतो. त्यांच्या आठवड्याचा एवढाच तुकडा आपल्याला दिसतो. उरलेल्या आठवड्यात ती काय करतात, काय खातात, कोणाशी भांडतात, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक खोऱ्यात राहते. आमच्या गल्लीतली बहुतेक घरं याच चर्चची. समोरच्या घरातला मुलगा एकोणीस वर्षांचा असताना फिलिपीन्समधल्या सेबू बेटावर मिशनला, म्हणजे धर्मप्रचाराला, गेला आणि दोन वर्षं पूर्ण करून परत आला. दर आठवड्याला तो घरी ईमेल लिहायचा आणि त्याची आई ती आम्हा शेजाऱ्यांनाही पाठवायची. दोघांना विचारून त्यातलं इथे देते आहे, नाव मात्र देत नाही. मी त्या धर्माची नाही, होण्याचा विचारही नाही. पण या मुलाला मी सायकल शिकताना पाहिलंय, त्यामुळे तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. ठिकठिकाणी हुसकावले गेलेले त्याचे अनुयायी १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग या खोऱ्यात येऊन वसले. बाहेर जाऊन प्रचार करणं पहिल्यापासून आहे. आज जगभरात सत्तर हजारांहून जास्त मिशनरी आहेत आणि त्यातली बहुसंख्य विशीच्या आसपासची पोरं. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड. मुलग्यांनी जावं अशी अपेक्षाच असते, मुलींनी हवं तर जावं.

कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही. अर्ज करायचा, डॉक्टर आणि दातांच्या डॉक्टरांचे कागद जोडायचे, बिशपची, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाची, शिफारस घ्यायची आणि वाट बघायची. ठिकाण मुख्यालयातून ठरून येतं. पूर्वी जाड पाकीट टपालाने यायचं, आता ईमेल येते, पण ती उघडायला सगळं गणगोत जमतं. आम्हीही गेलो होतो. त्याने 'सेबू' असं वाचलं आणि आजीला रडू फुटलं. मग युटातल्याच प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे सेबुआनो भाषा, आणि थेट विमान.

आता आठवडा.

सोमवार हा त्यांचा 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. सुट्टी म्हणावी तर तीही संध्याकाळी सहापर्यंतच. बादलीत कपडे भिजवून हाताने धुणं, बाजार, केस कापणं, खोली झाडणं, आणि घरी ईमेल. २०१९ च्या फेब्रुवारीपासून आठवड्यातून एकदा घरी फोन किंवा व्हिडिओ कॉल करता येतो. त्याआधी नाताळ आणि मदर्स डे, असे वर्षातून दोनच फोन असत. सेबूत सोमवार सकाळ म्हणजे आमच्याकडे रविवारची संध्याकाळ, त्यामुळे समोरच्या घरी रविवारी जेवणाची वेळ त्या कॉलवर ठरायची. त्याचा बाप सहसा अबोल माणूस आहे. पण त्या वेळी त्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत यायचा.

मंगळवारपासून गाडी सुरू. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, नाश्ता, मग धर्मग्रंथाचा अभ्यास, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास. दहाच्या सुमारास बाहेर पडायचं, रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, टीव्ही नाही, मुलींशी मैत्री वाढवणं नाही. फोन मिळतो तो कामापुरता. मंगळवारी आसपासच्या जोड्यांची एकत्र बैठक असते, त्यात कोण कोणाला शिकवतंय याची चर्चा होते.

जोडीदार हा या सगळ्याचा कणा आहे. मिशनरी कधीच एकटा नसतो. न्हाणीघर सोडलं तर दोघांनी एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं. हा जोडीदारही आपण निवडायचा नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, तेव्हा जोडीदार बदलतो किंवा गाव बदलतं, कधी दोन्ही. समोरच्या मुलाला बराच काळ लुझोन बेटावरचा एक फिलिपिनो जोडीदार होता. त्याची घरची भाषा इलोकानो, म्हणजे सेबुआनो त्यालाही नव्यानेच शिकावी लागली. हा भांडी तशीच ठेवायचा, तो पहाटे मोठ्याने गायचा. यावरून दोघांमध्ये दिवसच्या दिवस अबोला झाला आणि त्या अबोल्यात दोघं खांद्याला खांदा लावून लोकांना प्रेमाबद्दल सांगत फिरत होते, असं त्याने आईला लिहिलं होतं. अबोला संपला तो जोडीदाराची आई आजारी पडली तेव्हा. त्या रात्री दोघं खूप बोलले.

दार वाजवायची तिथे पद्धत नाही. फाटकाबाहेर उभं राहून 'आयो' अशी हाक मारतात. ईमेलींतल्या बुधवार-गुरुवारच्या हकिगतींत ही 'आयो' शंभर वेळा यायची. लोक कॅथलिक, पण स्वभावाने इतके अगत्यशील की तोंडावर नकार देत नाहीत. या म्हणतात, बसवतात, भात-सुकी मासळी पुढे ठेवतात, रविवारी सभेला येऊ म्हणतात. आणि पुढच्या वेळी घरी कोणी नसतं. इथल्या पोरांना तोंडावर आपटलेलं दार सोसायची तयारी करून पाठवतात. तिथे त्याला सगळ्यात जड गेलं ते हे गोड 'हो'.

ज्याबद्दल त्याने सगळ्यात जास्त लिहिलं ते एका जोडप्याबद्दल. दोघं वर्षानुवर्षं एकत्र, मुलं मोठी झालेली, त्यांना बाप्तिस्मा हवा होता. पण चर्चचा नियम असा की एकत्र राहणाऱ्या जोडप्याचं कायदेशीर लग्न झालेलं असलं पाहिजे. बाईचं कोवळ्या वयात दुसऱ्याच कोणाशी लग्न झालं होतं, तो माणूस केव्हाच निघून गेलेला, आणि फिलिपीन्समध्ये मुस्लिम समाज वगळता घटस्फोटाचा कायदाच नाही. विवाह रद्द करून घ्यायला कोर्ट, वकील, पैसा. हा एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्या ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होता. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ती दोघं तरीही दर रविवारी सभेला येत राहिली.

शुक्रवारी पुढच्या आठवड्याची आखणी. शनिवारी मदतीची कामं. डिसेंबर २०२१ च्या ओडेट वादळात सेबूची अपरिमित हानी झाली होती. तो गेला तेव्हाही काही घरांची डागडुजी चालूच होती, मग हे दोघे पत्रे धरायला, विटा वाहायला. हे लिहिताना तो खुशीत असायचा. हातांनी काम केलं की भाषेची अडचण राहत नाही, असं त्याचं म्हणणं. कधी शनिवारी बाप्तिस्मा असायचा: पांढरे कपडे, पाण्याचं कुंड, पूर्ण बुडी. पण बऱ्याच आठवड्यांत तसं काही नसायचं.

रविवारी दोन तासांची सभा. प्रभुभोजनात पाव आणि साधं पाणी, द्राक्षारस नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपास, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. सभा सुरू होण्याआधी हे दोघे फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत असायचे. आठवडाभर 'येतो' म्हणालेल्यांपैकी कोण येतंय? ते उभं राहणं त्याने एवढ्या वेळा लिहिलंय की त्याच्या आठवड्याचं वजन माझ्या लेखी तिथेच आहे. पावसाने रस्ता भरलेला, कोणी येत नाही, आत प्रार्थना सुरू होते आणि एकोणीस वर्षांची दोन पोरं शर्ट नीट करून शेवटच्या बाकावर जाऊन बसतात. हे सोसायला कोणता अभ्यासक्रम तयार करतो मला माहीत नाही. त्याच्या वयाच्या मुलांना एवढ्या जबाबदारीचं आणि एवढ्या एकटेपणाचं काम आपण क्वचितच देतो. दोन वर्षं त्याला कोणी पहिल्या नावाने हाकही मारत नव्हतं. तिथे तो फक्त 'एल्डर' (मिशनरी मुलग्यांना असंच म्हणतात) आणि आडनाव.

रानवारा

वाचताना गुंतून गेले. दोन प्रश्न. खर्च कोण करतं? आणि काळ्या पट्टीवाल्या या पोरांना पगार असतो का?

शुभदा_सॉल्टलेक

पगार अजिबात नाही रानवारा. उलट पैसे भरायचे. अमेरिकेतल्या मिशनरीला २०२० च्या जुलैपासून महिन्याला ५०० डॉलर, त्याआधी ४०० होते. टोकियोला जा नाहीतर सेबूला, आकडा तोच, सगळ्यांचे पैसे एकत्र होऊन त्यातून खर्च होतो. दोन वर्षांचे १२,००० डॉलर झाले. हा मुलगा शाळेत असल्यापासून लोकांची हिरवळ कापून आणि बर्फ उपसून साठवत होता, आमच्या दारातला बर्फही त्यानेच उपसलाय. त्याच्या जोडीदाराच्या घरी परवडणारं नव्हतं. अशांना जमेल तेवढंच भरायचं असतं, बाकी सामायिक निधीतून मिळतं.

प्रश्नचिन्ह

लेखन चांगलं आहे, पण मला काही टोचतंय ते सांगतो. ताई, तुम्ही त्या पोराच्या एकटेपणाबद्दल लिहिलंत, ज्यांच्या दारात तो गेला त्यांच्याबद्दल कमी. वादळात छप्पर उडालेल्या माणसाकडे पत्रा धरायला जाणारा मुलगा नामपट्टी लावून जातो, तेव्हा ती निव्वळ मदत राहत नाही. दुसरं, हे चर्च गरीब नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने या चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला, कारण शेअरमधली प्रचंड गुंतवणूक वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावाआड ठेवली होती. अशा संस्थेने बर्फ उपसून पैसे जमवणाऱ्या मुलाकडून महिन्याला ५०० डॉलर का घ्यावेत? आणि १९७८ पर्यंत याच चर्चमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांना पुरोहितपद मिळत नव्हतं, हेही धाग्यात असू द्या.

शुभदा_सॉल्टलेक

प्रश्नचिन्ह, तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या इथे आल्या हे बरंच झालं. दंडाची बातमी आली तेव्हा गल्लीतही चर्चा झाली होती. काहींना खरोखर वाईट वाटलं होतं, कमाईचा दशांश चर्चला देणारी ही माणसं आहेत. पैशाबद्दल समोरच्या बापाचं म्हणणं असं की स्वतःचं काही घातलं नाही तर पोरगा हे काम मनावर घेणार नाही. मला ते पूर्ण पटत नाही. श्रीमंत संस्थेने गरीब कुटुंबावरचा भार आणखी कमी करावा असं माझं मत आहे.

मदतीच्या मुद्द्यावर मात्र थोडा वेगळा विचार करते. पत्रा धरून झाल्यावर त्या घरातलं कोणी सभेला आलं नाही, तरी पुढच्या शनिवारी दोघे पुन्हा गेले. हे मी त्याच्या ईमेलींत वाचलंय. त्याला माणसं बदलायची होती यात शंका नाही, त्यासाठीच तो गेला होता. पण त्याच्या मनात त्या माणसांबद्दल जे होतं ते खोटं नव्हतं. दोन्ही गोष्टी एका मुलात असू शकतात.

वैदेही_क

मी समुपदेशन करते, अमेरिकेतच. जी मुलं मध्येच परत येतात त्यांच्याबद्दल बोलायला हवं. आजारपण, तीव्र चिंता, नैराश्य, घरची ओढ, कधी श्रद्धाच डळमळणं, कारणं अनेक. दोन वर्षांचा निरोपसमारंभ झालेला, आणि पोरगं चौथ्या महिन्यात घरी. शेजारीपाजारी काही बोलत नाहीत, पण विचारतही नाहीत, आणि ते न विचारणं फार लागतं. चर्चनेही हे ओळखलंय. २०१३ मध्ये ताणाला तोंड कसं द्यायचं यावर मिशनऱ्यांसाठी एक पुस्तिका निघाली. त्यात ताणाच्या पातळ्या हिरव्या, पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत मांडल्यात आणि कुठल्या रंगाला काय करायचं ते सोप्या शब्दांत दिलंय. घरी राहून अन्नछत्रात किंवा तत्सम ठिकाणी करायचं सेवा-मिशनही आता असतं. तरीही वेळापत्रकातली एक गोष्ट मला व्यावसायिक म्हणून खटकते: एकांत जवळजवळ नाही. सतत सोबत असणं काहींना आधार देतं, काहींचा जीव घुसमटतो.

शुभदा_सॉल्टलेक

वैदेही, अगदी. आमच्याच गल्लीत दुसऱ्या एका घरातली मुलगी अशी परत आली. तिच्या आईने दार उघडून सगळ्यांना जेवायला बोलावलं, जसं दोन वर्षं पूर्ण करून आलेल्यांसाठी बोलावतात तसंच. मला त्या बाईचा फार आदर वाटतो.

तैवानची_मीरा

मी तैपेईत राहते. इथे ही पोरं-पोरी सायकलवर फिरतात, हेल्मेट घालून, पावसात सुद्धा. त्यांचे फुकट इंग्रजीचे वर्ग असतात, माझ्या मँडरिन शिकणाऱ्या मैत्रिणीची तिथेच दोन अमेरिकन 'सिस्टर'शी, म्हणजे मिशनरी मुलींशी, ओळख झाली. त्यांच्याशी बोलून कळलं की डिसेंबर २०१८ मध्ये पँट घालायची परवानगी मिळेपर्यंत मुली सायकलही स्कर्टमध्येच चालवायच्या! मुलींच्या अनुभवाबद्दल अजून लिहा ना शुभदाताई. त्यांना जाणं बंधनकारक नसतं, म्हणून त्या जास्त विचार करून येतात असं मला वाटलं.

शुभदा_सॉल्टलेक

मीरा, निरीक्षण पटलं. २०१२ पर्यंत मुलींना २१ व्या वर्षापर्यंत थांबावं लागायचं, तोपर्यंत कॉलेज संपत आलेलं, लग्नाचं बोलणं सुरू झालेलं. तेव्हा वय १९ वर आणलं आणि जाणाऱ्या मुलींचा ओघ एकदम वाढला. इथे आता मुलीच्या आवाजात 'माझ्या मिशनवर असताना' हे वाक्य सर्रास ऐकू येतं. अधिक लिहायचं तर मला एखाद्या सिस्टरशी नीट बोलावं लागेल, ऐकीव लिहीत नाही.

कॅम्पातला_वाचक

पुण्याशी असलेला संबंध कोणीच सांगितला नाही, म्हणून मी सांगतो. हे लोक आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांपूर्वी येऊन गेलेत. १८५१ मध्ये कलकत्त्यात त्यांचा पहिला प्रचारक उतरला आणि १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा माणूस मुंबईत आला. मुंबईत फारशी डाळ शिजेना, म्हणून तो पुण्याला आला. त्याचा भाऊ अ‍ॅलनही पुढे मुंबईत दाखल झाला. ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी छावण्यांमध्ये त्यांना प्रवचन करू देईनात. जे मोजके लोक त्यांच्याबरोबर आले ते मुख्यतः युरोपियन आणि मिश्रवंशीय. फिंडलेने मराठी शिकायचा प्रयत्न केला आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिकाही मुंबईत छापली.

त्यात भर म्हणजे ऑगस्ट १८५२ मध्ये युटात चर्चने बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलं. ती बातमी इथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि पाद्र्यांत पसरली, मग कोण दारात उभं करणार? (ती प्रथा अधिकृतपणे १८९० मध्ये थांबवली.) काही वर्षांत सगळे परतले. शुभदाताईंचा रविवारचा परिच्छेद वाचताना मला पुण्याच्या उन्हात कोणाची तरी वाट बघणारा फिंडले आठवला. फरक एवढाच की त्याला ईमेल नव्हती आणि घरून पत्र यायला महिने लागायचे.

रानवारा

कॅम्पातले दादा, हे अजिबात ठाऊक नव्हतं! म्हणजे आता भारतात हे चर्च नाहीच का?

कॅम्पातला_वाचक

आहे की. १९९३ मध्ये बंगळुरूला त्यांचं मिशन सुरू झालं, २००७ मध्ये दिल्लीला दुसरं. बंगळुरूत मंदिर बांधायची घोषणा एप्रिल २०१८ मध्ये झाली आणि २०२० च्या डिसेंबरात भूमिपूजन झालं. भारतातून मिशनवर जाणारी मुलंही आहेत. त्यांच्या घरी काय वाटत असेल, हा स्वतंत्र विषय आहे. ज्या घरात आईवडील हिंदू आणि मुलगाच फक्त तिकडे गेला, तिथे दोन वर्षांची वाट बघणं वेगळंच असणार.

निवृत्त_मास्तर

धागा आवडला, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. आता व्यवहाराचं विचारतो. मी मुलीकडे डॅलसला आलोय. आमच्याकडे अशी दोन पोरं महिन्यातून एकदा येतात. मला धर्म बदलायचा नाही, पण भर उन्हातून आलेल्या पोरांना बाहेरच्या बाहेर पाठवायलाही जीव होत नाही. मुलगी म्हणते, बाबा, एकदा आत घेतलं की रोज येतील. काय करावं?

शुभदा_सॉल्टलेक

मास्तर, पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा की धर्माबद्दल बोलायचं नाही आणि पुन्हा त्यासाठी येऊ नका. सेबूच्या त्या गोड 'हो'पेक्षा सरळ 'नाही' या पोरांना शंभर पटींनी बरं. त्यांची संध्याकाळ वाचते, ती दुसरीकडे जातात. समोरच्या मुलाला मी मुद्दाम विचारलं, त्यानेही हेच सांगितलं. त्यानंतर पाणी प्यायला जरूर बोलवा, घरची विचारपूस करा. 'कुठला रे तू, घरी कोण कोण असतं' असं कोणी विचारलं तर तो दिवस वेगळा जातो, असं तो म्हणतो. अंगणातलं काही उचलायचं असेल, सामान हलवायचं असेल तर तेही सांगा, आनंदाने करतील.

आणि घरात तुमची मुलगी एकटी असेल तर ती पोरं आत येणारच नाहीत, बाहेरच उभी राहतील. तो त्यांचा नियम आहे, त्याला उद्धटपणा समजू नका.

निवृत्त_मास्तर

हे बरं सांगितलंत. गेल्या खेपेस चहा विचारला तर दोघंही नको नको म्हणाले. मला वाटलं, लाजतायत.

शुभदा_सॉल्टलेक

चहा-कॉफी त्यांना चालत नाही मास्तर, दारू-तंबाखूबरोबर तेही वर्ज्य आहे, १८३३ पासूनची शिकवण. लिंबू सरबत द्या. कोकम सरबतही चालेल. सेबूत लोकांनी जे पुढे ठेवलं ते सगळं खाऊन आलेला आमचा मुलगा कोकमाचे दोन ग्लास प्यायलाय.